मदतनीस

निवृत्त माणसाला कोणी प्रश्न विचारत नाही. निवृत्तीचा हा सर्वांत मोठा फायदा, आणि दुःखही तेच. साहेब विचारत नाही, कारण साहेबच उरलेला नसतो. मुलं विचारत नाहीत, कारण त्यांना उत्तरं मोबाइलवर मिळतात. आणि बायकोनं विचारणं केव्हाच सोडलेलं असतं, ती आता सरळ सांगते. मी अशा निवांत अवस्थेत असताना २०१९ सालच्या जून महिन्यात दुसरीतल्या एका मुलीनं मला एक प्रश्न विचारला आणि माझी दुपारची झोप गेली ती गेलीच. ही मुलगी म्हणजे माझी नात.

त्या वर्षी बालभारतीनं दुसरीचं पुस्तक नव्यानं काढलं होतं. त्याचा कोरा वास घेत घेत ती माझ्या आरामखुर्चीच्या हातावर येऊन बसली आणि मला चित्रं दाखवू लागली. एका चित्रात एक बाई आणि एक बाप्या शेजारी शेजारी बसून भाजी निवडत होते. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बाप्याच होता. चेहऱ्यावर संकोच नाही, कोणी धरून बसवल्याची खूण नाही. आमच्या वेळच्या पुस्तकातले बाबा फार तर बाजारातून येत आणि पिशवी आईच्या हातात देत. तिथं त्यांचा धडा संपायचा.

"आजोबा, तुम्ही कुठली भाजी निवडता?"

"मी भाजी आणतो."

"आणता नाही हो. निवडता कुठली?"

"मला बारीक दिसत नाही गं. चष्मा लागतो."

"आजीला पण लागतो."

आजी समोरच बसली होती. पुढ्यात वर्तमानपत्र, त्यावर मेथीची जुडी. वर्तमानपत्र मी आधी नीट वाचून मगच तिच्या ताब्यात दिलेलं होतं. तिनं मान वर केली नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मला एवढं कळतं की ही कामात असल्यामुळे मान वर करत नाही केव्हा आणि हसू आवरत असल्यामुळे करत नाही केव्हा.

आमच्या घराण्यात तत्त्वचिंतन हे काम परंपरेनं पुरुषांकडे आहे. ते बसल्या जागी करता येतं, त्यानं हात खराब होत नाहीत आणि कोणी आतून हाक मारली तर ऐकू आलं नाही असं म्हणता येतं. तेव्हा मी रीतसर चिंतनाला बसलो. बाईनं भाजी निवडावी आणि बाप्यानं ती निवडण्यासाठी लागणारं वर्तमानपत्र आधी वाचून ठेवावं, ही वाटणी केली कोणी?

माझ्या आजीची अकरा बाळंतपणं झाली. सात मुलं जगली. लहानपणी मला हा आकडा पराक्रमाचा वाटे. आता मी त्याचा हिशेब करतो, कारण आयुष्यभर कारकुनी केली आहे. अकरा नव्वे नव्याण्णव महिने म्हणजे सव्वाआठ वर्षं. त्यावर दर मुलाला वर्ष-दीड वर्ष अंगावर पाजायचं धरलं, तर पंधराव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत त्या बाईच्या पोटात नाहीतर पदराखाली कोणी ना कोणी होतंच. आजोबा ओटीवर बसत. खंडाचा हिशेब, एखादा दावा, आल्यागेल्याशी बोलणं, एवढं त्यांच्याकडे. सातही मुलांची नावं त्यांना पाठ होती असं माझे वडील ठासून सांगत. फक्त कुठलं नाव कुठल्या मुलाचं याबद्दल त्यांचा गोंधळ उडे.

अशा संसारात कामाची वाटणी वेगळी होणार तरी कशी? ही वाटणी कोण्या दुष्ट पुरुषानं रात्री कंदिलाच्या उजेडात रचली, असं मला वाटत नाही. पोटानं आणि पोटापाण्यानं मिळून ती केली. अर्थात हेही ओटी असलेल्या घरांपुरतंच. आमच्याच शेतावर लावणीला येणाऱ्या बाया बांधावर झोळीत मूल ठेवून दिवसभर चिखलात वाकलेल्या असत. 'बाईची जागा घरात' हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कोणाच्या?

याच सुमारास मुंबईत एक गणिताचे प्राध्यापक या पोटाच्या भानगडीत पडले होते. र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. त्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी १९२५ साली प्राध्यापकी गेली, तरी १९२७ च्या जुलैत 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालवलं. खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. मूल हवं की नको हे बाईला ठरवता आलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आणि आपल्याला मूल नको असं त्यांनी आणि मालतीबाईंनी ठरवलं, तेव्हा रघुनाथरावांनी शस्त्रक्रिया स्वतःची करून घेतली. हे शेवटचं वाक्य जरा लक्षात ठेवा. मला पुढे त्यावर यायचं आहे, आणि यायची इच्छा नाही.

माझे एक काका शिकायला मुंबईला होते. सुट्टीत घरी आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत धोतराखाली 'समाजस्वास्थ्य'चा एक अंक आजीला सापडला. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्या धाकट्या आत्याला वाचायला बसवलं. आत्यानं अर्धं पान वाचलं, लाल झाली आणि अंक मिटला. पण अर्ध्या पानात आजीला कळायचं ते कळलं. ती काकांना म्हणाली, "मेल्या, हे माझ्या वेळी का नाही आणलंस?"

काका अकरांतले नववे. ते म्हातारपणीसुद्धा ही गोष्ट सांगत आणि वर म्हणत, "तिच्या वेळी आणलं असतं, तर आणायला मी कुठं होतो?"

आता आजीला सोडून माझ्याच काळावर येतो. आमचं लग्न झालं तेव्हा मी एका कचेरीत कारकून आणि ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. बिऱ्हाड नायगावला चाळीत. शेजारच्या खोलीत एक भाऊ राहत, गिरणीत साचे चालवायचे. भरघोस मिशा, मोठा आवाज, गणपतीत लेझीम. गिरणगावात एके काळी बायाही गिरणीत जात; विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई असे. मग नवी यंत्रं आली, रात्रपाळीला बायांना बंदी झाली, १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला आणि मालकांना बाई महाग वाटू लागली. कायदा चांगल्यासाठी केला होता. पण हळूहळू गिरणी बाप्यांची झाली आणि पगार हा शब्दच पुल्लिंगी झाला. (तो व्याकरणातही पुल्लिंगीच आहे. काटकसर स्त्रीलिंगी आहे. यावर व्याकरणकारांनी कधी विचार केलेला दिसत नाही.)

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणता म्हणता उन्हाळा आला. वहिनींनी डबे करायला घेतले. त्या भागात खाणावळ चालवणाऱ्या बाया नव्या नव्हत्या. १९७५ सालीच प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं होतं. वहिनींचे आधी चार डबे होते, त्याचे वीस झाले. आमच्या कचेरीतले सहा मीच मिळवून दिले.

एकदा त्यांचे पैसे द्यायला गेलो तर दार बंद. चाळीत दिवसाढवळ्या दार बंद म्हणजे आत काहीतरी गंभीर समजायचं. वहिनी नळावर होत्या, त्या लगबगीनं म्हणाल्या, "यांना बरं नाही, झोपलेत." पण आतून विळीचा आवाज येत होता. मी दार वाजवलं. कडी निघाली. भाऊ. जमिनीवर विळी, भोवती चाळीस-पन्नास कांदे, परात भरत आलेली, आणि डोळ्यांतून पाणी.

"आधी दार लावा," ते म्हणाले.

मी लावलं.

"कांदा फार झोंबतो हो," ते म्हणाले. मी बरं म्हटलं. त्या दोघांनी मिळून काय ठरवलं होतं ते मला तेव्हा कळलं. पहाटे आणि संध्याकाळी, दार लावून, कांदे भाऊ कापणार. पोळ्या आणि पैसे वहिनी करणार. आणि चाळीला मात्र भाऊ झोपलेले दिसणार. घर चालवणारी बाई बाहेर नळावर उभी राहून नवऱ्याच्या आजाराची थाप मारत होती, का तर त्याची मिशी शाबूत राहावी. दोन महिन्यांत त्या घरातली कमाई या हातातून त्या हातात गेली होती. आम्ही चाळ सोडली १९८४ साली. तोपर्यंत ते दार कांदे कापताना उघडं राहिलेलं मी पाहिलं नाही.

मी हे हसत सांगतो आहे. भाऊंना हसण्याचा मला तसा अधिकार नाही, कारण त्याच वर्षी, पावसाळ्यात, आमची धाकटी मुलगी झाली.

डॉक्टर बाई होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या. दोन मुलं झाली, आता शस्त्रक्रिया करून टाका म्हणाल्या. आम्ही बरं म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमचं केलं तर दहा-पंधरा मिनिटांचं काम. संध्याकाळी घरी. ह्यांचं केलं तर पोट उघडायचं, टाके, महिनाभर वजन उचलायचं नाही. बोला."

मी बोललो नाही. माझ्या वतीनं माझी आई बोलली. "तो घरचा कर्ता पुरुष आहे. त्याला अशक्तपणा आला म्हणजे?" हिचा पगार, ओव्हरटाइम धरून, माझ्यापेक्षा साठ रुपयांनी जास्त होता. कर्ता कोण हे पगारपत्रकावरून काढायचं असतं तर उत्तर निराळं आलं असतं. पण आईनं ते वाक्य उच्चारलं आणि मी डोळे मिटून त्याच्या आड गेलो.

तुम्ही म्हणाल, तेव्हा दिवसच तसे होते. हो, होते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात साठ लाखांवर पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कित्येक धाकदपटशानं. आपल्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. त्या धसक्यानं पुरुष त्या शस्त्रक्रियेपासून जे पळाले ते अजून परतलेले नाहीत. हे सगळं खरं आहे आणि वादात सांगायला फार उपयोगी आहे. पण १९८२ साली मला धरायला कोणी जीप घेऊन आलं नव्हतं. मी आपला आपणच घाबरलो होतो, आणि घाबरण्याची सोय मला होती. हिला नव्हती. तिनं सही केली. माझीही सही लागली. ती मी वळणदार केली.

चाळीत पाणी पहाटे साडेचारला येई. आठ दिवस बादल्या मी भरल्या. नवव्या दिवशी पहाटे कॉटखालून बादली सरकल्याचा आवाज आला. मग कडी. मग नळावरचा आवाज. मी जागा होतो. उठलो नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

२०१९ ते २०२१ या काळात जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिचे आकडे मी नंतर वाचले. १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांत ३७.९ टक्के जणींची स्वतःची शस्त्रक्रिया झालेली. नवऱ्याची झालेली ०.३ टक्के. म्हणजे मी बहुमतात आहे. एवढं प्रचंड बहुमत मला आयुष्यात दुसऱ्या कुठल्याही बाबतीत मिळालेलं नाही.

नंतर आम्ही डोंबिवलीला जागा घेतली. आता डोंबिवलीकरांना लोकलबद्दल सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. संध्याकाळी व्ही.टी.ला आम्ही दोघं एकाच गाडीत चढत असू. मी पुरुषांच्या डब्यात, ही बायकांच्या. आमच्या डब्यात रमीचा अड्डा होता. चौघांच्या गुडघ्यांवर एक ब्रीफकेस आडवी ठेवली की झालं टेबल. शेजारच्या बाकावर भजनी मंडळ. बायकांच्या डब्यात काय चालतं हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. एकदा ठाण्याला गाडी रखडली, म्हणून खाली उतरून तिच्या खिडकीशी गेलो. आत पाहतो तो मांडीवर पिशव्या पसरून बायका भाजी निवडताहेत. कोणी मटार सोलतेय, कोणी गवारीच्या शिरा काढतेय, कोणी नुसत्याच दुसरीच्या मेथीला हात लावताहेत. आमची ही त्यात. दादरला घेतलेली मेथी मुंब्र्यापर्यंत निवडून व्हायची. डोंबिवलीला उतरलो की हिच्या पिशवीत निवडलेली मेथी असे आणि माझ्या खिशात रमीत जिंकलेले किंवा हरलेले दीड रुपये. एकच गाडी, एकच वेळ, तिकिटाचा दरही एक.

कमावणारी बाई म्हणजे बदललेला संसार, असं तेव्हा मासिकांत वाचायला मिळे. बदल झालाच होता, नाही कसा? बायकोच्या पगारावर जागेचं कर्ज फिटत होतं. दोनच मुलं. आजीची पंचवीस वर्षं गेली त्या कामातून ही चार-पाच वर्षांत मोकळी झाली होती. पण मोकळ्या झालेल्या वीस वर्षांचं काय झालं म्हणाल, तर ती ८.१२ च्या लोकलमध्ये गेली, आणि येताना मेथी.

मी काहीच करत नसे असं मात्र नाही. मी मदत करत असे. दूध आणणे, दिवाळीत माळे झाडणे, पाहुण्यांसमोर चहाचे कप आत नेऊन ठेवणे. हे मी चारचौघांत सांगतही असे, "मी घरात बरीच मदत करतो." एकदा हिनं पाहुणे गेल्यावर विचारलं, "अहो, तुम्ही ऑफिसात साहेबाला सांगता का, आज जरा मदत करायला आलोय म्हणून?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. कप बशीसकट नेत जा."

ह्या एका शब्दावर मी पुढे फार विचार केला. मदत करणारा माणूस हवा तेव्हा थांबू शकतो. त्याचे आभार मानावे लागतात. मीठ संपलंय हे त्याला सांगावं लागतं. ते लक्षात ठेवण्याचं काम दुसऱ्या कोणाचं तरी असतं. थोडक्यात, नायगावचे भाऊ दार लावून का होईना, रोज पन्नास कांद्यांचे धनी होते. मी उघड्या दारात मदतनीस होतो.

आमचा मुलगा पुण्याला असतो. तो आणि सून दोघंही संगणकात. तो पोळ्या करतो. गोल करतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला अभिमान वाटला आणि हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं आनंदाचं. रात्री म्हणाली, "दिवसभर राबून येतो बिचारा, आणि वर पोळ्या लाटतो." मी म्हटलं, "तू काय करायचीस?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझी गोष्ट वेगळी." वेगळी कशी ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही, इतकं चांगलं उत्तर हातात असताना, पुढे बोललो नाही. बोलण्याचा हक्क ज्याला असतो त्याचे हात आधी पिठाचे असावे लागतात.

भाची बंगळूरला मोठ्या हुद्द्यावर आहे. चौतीस वर्षांची, लग्न इतक्यात नाही. गेल्या मे महिन्यात आली तेव्हा जेवता जेवता तिनं सांगितलं, आपण अंडी गोठवून ठेवलीत. पुढेमागे मूल हवंसं वाटलं तर असावीत. नव्वदीची आत्या शेजारीच बसली होती, तीच, अर्धं पान वाचणारी. ती म्हणाली, "फ्रीजरमध्ये ठेवू नये गं, फुटतात." मग कोणीतरी तिला नीट समजावलं. आत्या बराच वेळ ताटाकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, "आईला सांगायला हवं होतं हे."

आमच्या कट्ट्यावर मी हा विषय काढला. कट्टा म्हणजे रेल्वे फाटकाजवळचा बाक आणि त्यावरचे आम्ही पाच-सहा निवृत्त. वकिलांनी वाचन दाखवलं: १९७८ साली इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन, आपल्याकडे १९८६ च्या ऑगस्टमध्ये केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या प्रयत्नांतून जन्मलेली हर्षा. आणि २०१७ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला अपुऱ्या दिवसांची कोकरं द्रव भरलेल्या पिशवीत चार आठवडे वाढवली. "उद्या माणसाचं मूलही पिशवीत वाढेल. मग बाईचं वेगळेपण ते काय राहिलं?"

"आणि पगार तर बायका आणायलाच लागल्या," पोस्टातले म्हणाले. "नाव तर आधीच गेलं. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदावर बापाच्या आधी आईचं नाव. मग आपण कशासाठी?"

यावर सगळे गंभीर झाले. बँकेतले म्हणाले, "आपण तसेही इथंच बसलोय." पण त्या रात्री माझ्या मनात आलं की ही चर्चा आम्ही चुकीच्या टोकानं करत होतो. समजा, पोटाचं काम पिशवीकडे गेलं आणि पोटापाण्याचं दोघांत वाटलं गेलं. मग ज्या दोन कारणांनी आजीच्या घरातली वाटणी झाली होती, ती दोन्ही कारणं संपली. वाटणीही संपायला हवी होती. पण मधल्या रिकाम्या जागेत मेथी तशीच पडलेली आहे. मेथी निवडायचं यंत्र अजून निघालेलं नाही. तापातल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवायचं निघालेलं नाही, आणि नव्वदीच्या आत्याला न्हाऊ घालायचंही नाही. २०२४ सालची सरकारी वेळवापर पाहणी सांगते की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. यात करणारेच पुरुष धरले आहेत. न करणाऱ्यांना सरासरीतून सवलत दिलेली आहे. २०१९ साली हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांनी चांगला पायंडा पाहून आपलीही नऊ वाचवली.

मी आता भाजी निवडतो. उशिराच सुरुवात केली, पण रोज, आणि कोणी सांगायची वाट न पाहता. बाळंतपणाची रजा १९८२ साली हिला तीन महिने होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं सव्वीस आठवडे झाली. मला तेव्हा एक दिवसही नव्हती. पण मला ती नव्हती म्हणून मी उठलो नाही, असं म्हणणं म्हणजे पुन्हा आईच्या वाक्याआड जाणं झालं. बादलीला रजा लागत नाही.

परवा दुपारी आम्ही दोघं समोरासमोर बसलो होतो. मधे वर्तमानपत्र. माझं वाचून झालेलं नव्हतं, पण म्हटलं असू दे. पानं खुडता खुडता मी म्हणालो, "तुला आठवतं, आपली धाकटी झाली तेव्हा... त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, माझं करा म्हणून."

ती म्हणाली, "देठ फार ठेवताय."

मी देठ काढले. "चुकलंच माझं तेव्हा."

ती निवडत राहिली. खालून भंगारवाला ओरडत गेला. मला वाटलं हिला ऐकू आलं नसावं. अलीकडे डाव्या कानानं कमी येतं.

"त्यांचं नाव आठवतं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"कोणाचं?"

"त्या डॉक्टरीणबाईंचं."

मी बराच आठवून पाहिलं. "नाही."

"मला आठवतं," ती म्हणाली, आणि दुसरी जुडी माझ्यापुढे सरकवली.